आपल्या माणसांची गोष्ट आपणच लिहूया



मुलांनो, चिंतामणीच्या कळंबात आज तुमच्या कलागुणांचा दिवस आहे, म्हणून आपल्या माणसांची गोष्ट लिहिणाऱ्या दोन लेखकांविषयी थोडं बोलतो.

अण्णा भाऊ साठे १९२० साली सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावात जन्मले. शाळा जेमतेम दीड दिवसाची. मुंबईत पडेल ते काम केलं, गिरणीत राबले, लाल बावटा कलापथकात शाहिरी केली आणि तीसहून अधिक कादंबऱ्या लिहिल्या.

त्यांतली ‘फकिरा’ १९५९ची. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा आणला होता. ज्या जमातींना तो लागू झाला, त्यांचं मूल जन्मतःच गुन्हेगार ठरे. मोठ्या माणसांना हजेरी लावावी लागे. मांग, पारधी, कैकाडी अशा कितींनी हा जाच सोसला! स्वातंत्र्यानंतर, १९५२ साली तो कायदा गेला. तोवर सरकारी दप्तरात या माणसांची ओळख ‘गुन्हेगार’ या एका शब्दात संपत होती. अण्णा भाऊंनी आपल्याच मांग समाजातला फकिरा नायक केला. तो लुटतो, पण दुष्काळात उपाशी मरणाऱ्या माणसांसाठी. ही कादंबरी त्यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला.

आपल्या माणसांची गोष्ट लिहिणारे असेच दुसरे लेखक दूर इजिप्तमध्ये आहेत: हग्गाग हसन अद्दूल, नुबियन समाजातले. आस्वानच्या मोठ्या धरणासाठी १९६३-६४ साली सुमारे पन्नास हजार नुबियन लोकांना गावं सोडावी लागली. अद्दूल यांनी त्याच धरणाच्या बांधकामावर मजुरी केली. पुढे चाळिशीच्या सुमारास लेखणी धरली आणि नाईलकाठच्या आपल्या माणसांच्या कथा-कादंबऱ्या लिहिल्या.

मुलांनो, आपल्या यवतमाळ जिल्ह्यातही कोलामांच्या पोडवस्त्या आहेत, बंजारा तांडे आहेत, गोंडांची गावं आहेत, कापूस पिकवणारी घरं आहेत. त्यांच्याविषयी अहवाल पुष्कळ निघतात. पण आजीने सोसलेला दुष्काळ, बापाने फेडलेलं कर्ज, तांड्यावरची होळी अहवालात मावत नाही. ते घरातल्याच कुणीतरी लिहायला हवं.

प्राचार्यांना माझी विनंती आहे: पुढच्या वार्षिकांकात काही पानं कोलामी, गोंडी आणि बंजाऱ्यांची गोरमाटी या बोलींसाठी राखून ठेवा. आणि मुलांनो, ती पानं कोरी राहू देऊ नका. व्याकरणाची भीती बाळगू नका. शुद्धलेखन नंतर सुधारता येतं. आज रात्रीच घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि लिहायला घ्या.