शेळ्या राखणारे मंत्री

राजस्थानच्या अजमेर जिल्ह्यात तिलोनिया नावाचं गाव आहे. बंकर रॉय यांनी १९७२ साली सुरू केलेली ‘बेअरफूट कॉलेज’ ही संस्था तिथलीच. दिवसभर शेळ्या-गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तिनं गावोगावी रात्रशाळा काढल्या, सौर कंदिलांच्या उजेडात भरणाऱ्या.

या शाळांवर देखरेख करते मुलांनीच निवडून दिलेली बालसंसद. सहा ते चौदा वर्षांची मुलं मतदान करतात. पंतप्रधान, शिक्षणमंत्री, आरोग्यमंत्री, ऊर्जामंत्री, सगळं रीतसर! गुरुजी वेळेवर येतात का, कंदील पेटतात का, प्यायला पाणी आहे का, हे पाहून ही मुलं मोठ्यांना जाब विचारतात. मला हे जाब विचारणं फार मोलाचं वाटतं. मुलांच्या कल्पनांचं कौतुक आपण भरपूर करतो, चित्रांच्या स्पर्धा घेतो. पण त्यांच्या सांगण्यावरून शाळेचा नळ दुरुस्त होतो का?

आपल्याविषयीच्या निर्णयांत मत मांडण्याचा मुलांचा हक्क संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात, बाराव्या कलमात आहे. भारतानं तो करार १९९२ मध्ये स्वीकारला. तेव्हा पुढच्या ग्रामसभेआधी गावातल्या मुलांना जरूर बोलवा, आणि त्यांच्या मागण्या इतिवृत्तात नोंदवून घ्या.