‘गॅस असेल’ म्हणू नका

हार्ट अटॅक म्हणजे पाइप तुंबणं, कार्डियाक अरेस्ट म्हणजे वायरिंग बिघडून पंपच बंद पडणं. मी इंजिनिअर, मला असंच समजतं. पण वायरिंग बहुतेकदा तुंबलेल्या पाइपमुळेच बिघडतं. पाइप तुंबवतात बिडी, खर्रा, बीपी, शुगर. आपल्या गोंदियात पोरं सांगतात, ‘सिगरेट नाही भाई, फक्त खर्रा.’ निकोटीन तेच आहे! छाती दाबल्यासारखी झाली, डावा हात दुखला, घाम फुटला, तर गॅसची गोळी नको, दवाखाना गाठा. कोणी कोसळला, श्वास नसला, तर एकाने १०८ लावा. दुसऱ्याने छातीच्या मधोमध जोरात, मिनिटाला १०० ते १२० वेळा दाबत राहा. देवरी-सालेकसाच्या गावांत रुग्णवाहिका पोहोचायला वेळ लागतो. येत्या जुम्म्याला नमाजनंतर मशिदीच्या आवारात बीपी तपासू. तिशीतले आधी रांगेत.