मोटारीतला डग्गा

कोलकात्याच्या ज्या भागाला एस्प्लनेड म्हणतात, त्याला तिथला सामान्य माणूस धर्मतला म्हणून ओळखतो. देशातली पहिली भुयारी रेल्वे 1984 साली येथूनच भवानीपूरकडे धावली. 2024 पासून हुगळी नदीच्या तळाखालून येणारी गाडीही येथेच थांबते. बसचे भोंगे, फेरीवाल्यांच्या हाका आणि माणसांचा अखंड लोंढा यांमुळे या चौकात दोन माणसांना नीट बोलता येणे कठीण. अशा या गोंगाटात मी काही महिने एका नादाच्या शोधात हिंडत होतो. त्याची ही हकिकत.

माझे वडील आता ऐंशीच्या घरात आहेत. तरुणपणी त्यांनी मिरजेस हौसेने तबल्याचे धडे घेतले होते. आई गेल्यावर ते आमच्याकडे, माझ्या बदलीच्या गावी आले. परका मुलूख, परकी भाषा आणि त्यात मंदावलेले कान, यामुळे त्यांचे बोलणे हळूहळू आटत गेले. रविवारी सकाळी मी त्यांना मोटारीत बसवून मैदानाच्या कडेने फिरवून आणी आणि एखादी जुनी मैफल लावी. एका रविवारी ते म्हणाले, "अरे, ठेका चाललाय म्हणतोस, मग डग्गा कुठं गेला?"

तक्रार साधी होती, पण ती माझ्या मनाला लागली. वयोमानाने माणसाचे कान प्रथम उंच ध्वनींना दुरावतात. खालचे ध्वनी पुष्कळ काळ सोबत करतात. म्हणजे वडिलांना जे ऐकू येण्याजोगे उरले होते, नेमके तेच माझी मोटार देत नव्हती.

हे असे का व्हावे? स्पीकरचा पडदा पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. सेकंदाला पन्नास कंपनांच्या ध्वनीची लाट जवळजवळ सात मीटर लांब असते. एवढ्या लांब लाटेला हातभर पडद्याला वळसा घालणे अवघड नसते. पुढची आणि मागची लाट एकमेकींना भेटतात आणि दोघी मिळून नाहीशा होतात. खर्ज हवा असेल तर मागची लाट कोंडली पाहिजे. 1954 साली अमेरिकेत एडगर विलचर यांनी हवाबंद पेटीत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचे काम देऊन लहानशा पेटीतून भारदस्त खर्ज काढून दाखविला. आपल्या डग्ग्याच्या भांड्यातही हवा कोंडलेलीच असते, हे आठवून मला गंमत वाटली.

धर्मतल्याहून चार पावलांवर चांदनी चौकाचा बाजार आहे. विजेच्या आणि ध्वनियंत्रांच्या सामानासाठी तो प्रसिद्ध. तेथून मी दहा इंची सबवूफर, एक ॲम्प्लिफायर, जाड तांब्याची तार आणि फ्यूज आणले. सुताराकडून अठरा मिलिमीटर जाडीच्या प्लायवुडची, आत पंचवीस लिटर हवा मावेल अशी पेटी करविली. सांधे सरसाने भरले आणि आत मंद्र ध्वनी चालू ठेवून सांध्यांवरून उदबत्ती फिरविली. एका कोपऱ्याशी धूर थरथरला. तेथे फट होती. ती बुजविली आणि पेटी मोटारीच्या डिकीत बसविली. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ घातला, कारण मधली तार कुठे घासून उघडी पडली तर आग लागू नये.

पहिला ठेका उत्तम वाजला. पण डग्ग्यावर भारी थाप पडली की आवाज एकदम गप्प होई आणि क्षणाने परत येई. मी मीटर लावून पाहिला: साडेबारा व्होल्ट, अगदी यथास्थित. एका दुकानदाराने अधिक मोठा ॲम्प्लिफायर घेण्याचा सल्ला दिला, दुसऱ्याने स्पीकरच सदोष ठरविला. तिसऱ्याच्या मते बॅटरी बदलणे भाग होते. आमच्या कचेऱ्यांतही असेच होते. काम अडले की दोष कोठे आहे हे न पाहता माणूस बदलावा, असे सर्वांना प्रथम सुचते.

अखेर गल्लीच्या टोकाशी बसणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रीने हिंदीत विचारले, "दादा, हे तुम्ही मोजलंत केव्हा?" मी म्हटले, "गाणं बंद करून." तो हसला. "ही गप्प असताना तुम्ही मोजलंत. गाते तेव्हा मोजा."

त्याने मीटरचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे ॲम्प्लिफायरच्या निगेटिव्हला लावले. या दोहोंत जवळजवळ काहीच व्होल्ट दिसावयास नको होते. पण प्रत्येक भारी थापेसरशी काटा तीन व्होल्टांपर्यंत उसळू लागला. मोटारीत लोखंडी सांगाडा हीच विजेच्या परतीची वाट असते. माझी तार ज्या बोल्टखाली आवळली होती तेथे रंगाचा थर तसाच राहिला होता. भारी थापेला तीसेक अँपिअर वीज लागते. वाटेत ओहमचा एक दशांश एवढा जरी अडथळा असला तरी तीन व्होल्ट तेथेच खर्ची पडतात आणि ॲम्प्लिफायर स्वसंरक्षणासाठी मिटून जातो. मिस्त्रीने सँडपेपरने रंग खरवडून लोखंड लख्ख केले आणि बोल्ट पुन्हा आवळला. थापा अखंड वाजू लागल्या.

एक उणीव मात्र राहिली होती. खर्ज पोकळ वाटे. त्याने सबवूफरच्या दोन तारांची अदलाबदल केली आणि नाद भरून आला. दारातले स्पीकर हवा पुढे ढकलीत तेव्हा माझी पेटी ती मागे ओढीत होती. घरातील माणसांचेही कधीकधी असेच होते; प्रत्येक जण झटतो आणि बेरीज शून्य येते.

या बाजारापासून थोड्याच अंतरावर बहूबाजार आहे. 1907 साली अर्थखात्यातील अधिकारी म्हणून कलकत्त्यास आलेले चंद्रशेखर वेंकट रामन कचेरीच्या आधी आणि नंतर तेथील विज्ञानसंस्थेत प्रयोग करीत असत. मृदंग-तबल्याच्या पुडीवरील शाईमुळे त्यांचे उपस्वर सुरात येतात, हे त्यांनी शिवकाली कुमार यांच्यासह 1920 साली जगापुढे मांडले. मी त्यांच्यासारखाच एम. ए. आणि सरकारी नोकर असलो तरी साम्य तेवढ्यावरच संपते. परंतु थाप पडते तेव्हा कान देऊन ऐकावे, हा धडा मला त्या परिसरातच मिळाला.

कारण माझ्या ध्यानात पुढे असे आले की, वडिलांनाही मी असाच गप्प असताना मोजीत होतो. जेवण वेळेवर होते, औषध घेतात, काही मागत नाहीत, म्हणजे सारे यथास्थित आहे अशी माझी समजूत. साडेबारा व्होल्ट!

पुढच्या रविवारी त्यांना घेऊन निघालो. रस्त्यांतून कित्येक मोटारी असल्याच यंत्रांनी शेजाऱ्यांच्या काचा थरकाविीत जातात. मीही नव्या उत्साहात आवाज जरा चढाच ठेवला होता. विलंबित त्रितालाचे एक आवर्तन झाले. वडिलांचा डावा हात मांडीवर आला आणि मनगट हळूच दाबले गेले. मग ते म्हणाले, "आवाज कमी कर. आता डग्गा आहे, ओरडायची गरज नाही." आणि थोड्या वेळाने, मी काही न विचारता, ते मिरजेच्या आपल्या गुरुजींविषयी बोलू लागले.