राष्ट्रीयत्वाचा रकाना

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीस साहेबांनी मला ‘आपले नागरिकत्व’ या विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले. विषय मोठा, आणि मी वर्गात इतिहास-भूगोल शिकविणारा मास्तर. तेव्हा मी शाळेच्या टेबलावरचीच एक गोष्ट सांगतो आणि तिचा धागा धरून पुढे जातो.

दर जूनमध्ये प्रवेशअर्ज तपासण्याचे काम माझ्याकडे असते. अर्जात, आणि पुढे शाळा सोडल्याच्या दाखल्यातही, धर्म, जात, मातृभाषा, राष्ट्रीयत्व असे रकाने असतात. आपल्या शाळेत सर्व समाजांची मुले येतात, हे आपण जाणताच. एका सकाळी चार अर्ज लागोपाठ माझ्यापुढे आले. ‘राष्ट्रीयत्व’ या रकान्यात एका पालकाने लिहिले होते ‘मुसलमान’. दुसऱ्याने ‘हिंदू’. तिसऱ्याने ‘मराठी’. आणि पिंपरी कॅम्पातून नातवाला घेऊन आलेल्या आजोबांनी लिहिले होते ‘सिंधी’. आमच्या लेखनिकाने लाल शाईने चारही शब्दांवर काट मारली, चारही ठिकाणी ‘भारतीय’ लिहिले आणि सह्या घेतल्या. काम संपले.

माझ्या मनातून मात्र ते गेले नाही. चौघांपैकी कोणाच्याही मनात वाकडे नव्हते. तू कोण, असे कागदाने विचारले आणि ज्याला जो शब्द जवळचा वाटला तो त्याने लिहिला. पण या एका रकान्यात कोणता शब्द बसावा यावर आपल्या देशात शंभरावर वर्षे राजकारण चालू आहे, आणि त्याची किंमत कधी कधी मुलांना मोजावी लागते. म्हणून हा विषय.

भूगोलाच्या तासाला दरवर्षी एखादा विद्यार्थी विचारतोच, “सर, हिंदी महासागरात हिंदी बोलतात का?” वर्ग हसतो. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या आजोबा-पणजोबांच्या मराठीत ‘हिंदी’ म्हणजे हिंदचा रहिवासी. हिंदी लोक, हिंदी राजकारण, हिंदी कापड असे शब्दप्रयोग त्या काळच्या वर्तमानपत्रांत रोजचे होते. त्या शब्दात हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती सगळे सामावत. आखातात नोकरी केलेले पालक येथे बसले आहेत, त्यांना विचारा. अरबाच्या तोंडी मालवणचा हिंदू आणि चिपळूणचा मुसलमान दोघेही ‘हिंदी’च. इक्बालांनी १९०४ साली लिहिलेल्या तराण्यात देशबांधवांसाठी हाच शब्द योजला. (पुढे त्याच कवीने दुसरा तराणा लिहून त्यात ‘मुस्लिम’ हा शब्द घातला. शब्द बदलला तशी माणसाची वाटही बदलली.)

या शब्दाचे मूळ सिंधु नदीत आहे. इराणी लोकांच्या तोंडी ‘स’चा ‘ह’ झाला, ग्रीकांनी तो ‘ह’ही गाळला. त्यामुळे हिंद, हिंदू, हिंदी आणि इंडिया ही सगळी एकाच नदीची लेकरे. ती नदी आज बहुतांशी पाकिस्तानातून वाहते, आणि तिच्या काठची हजारो माणसे फाळणीत घरदार टाकून पिंपरीच्या वसाहतीत येऊन राहिली. तेव्हा शब्दाच्या उत्पत्तीपुरते पाहिले तर चार पालकांत त्या सिंधी आजोबांचेच उत्तर बरोबर उत्तराच्या सर्वांत जवळ होते! असो.

हा ‘हिंदी’ शब्द मराठीतून गेला, कारण तो एका भाषेचे नाव म्हणून पक्का झाला. घटना समितीने १४ सप्टेंबर १९४९ रोजी हिंदी ही संघराज्याची राजभाषा म्हणून स्वीकारली, आणि चारच दिवसांनी, १८ सप्टेंबरला, देशाच्या नावाचा निकाल लागला. आपल्याकडे तो शब्द महासागराला तेवढा चिकटून राहिला.

आता जरा समुद्रापार जाऊ या. गांधीजी १८९३ मध्ये नाताळला गेले ते पोरबंदरकडच्या मुसलमान व्यापाऱ्यांच्या, दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या कामासाठी. तेथे त्यांनी जे पाहिले ते आत्मचरित्रात नोंदविले आहे. तेथील गोरे लोक आपल्या माणसांना सरसकट ‘कुली’ म्हणत. त्या अपमानातून सुटण्यासाठी मुसलमान व्यापारी स्वतःला ‘अरब’ म्हणवीत, पारशी कारकून ‘पर्शियन’ म्हणवीत. हिंदू कारकुनाला असे दुसरे नाव नव्हते. तो अरबांत मोडला तर मोडला. आणि गिरमिटिया मजुरांना तर ‘कुली’पासून सुटकाच नव्हती. या उसन्या नावांनी काय साधले? मतदानाचा हक्क काढून घेण्याची वेळ आली तेव्हा नाताळच्या विधिमंडळाने अरब आणि कुली असा भेद केला नाही. १८९४ मध्ये जी संस्था निघाली तिचे नाव नाताळ इंडियन काँग्रेस. तिला पैसा पुरविणाऱ्यांत मुसलमान व्यापारी पुढे होते. ‘अरब’ म्हणविणारे ‘इंडियन’ झाले तेव्हा त्यांना लढता आले.

आता ‘हिंदू’ या शब्दाकडे येऊ. हिंदमध्ये राहतो तो हिंदू, मग मुसलमानाने स्वतःला हिंदू म्हणवून घ्यायला काय हरकत, असे आपल्याला वारंवार विचारले जाते. हा विचार काही आजचा नाही. सर सय्यद अहमद खान यांनी १८८४ च्या पंजाब दौऱ्यात अशाच अर्थाचे उद्गार काढले होते. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश राहिलेले महंमद करीम छागला स्वतःला वंशाने हिंदू म्हणवीत. २०१४ मध्ये गोव्याचे तेव्हाचे उपमुख्यमंत्री फ्रान्सिस डिसोझा यांनी आपण ‘ख्रिस्ती हिंदू’ आहोत असे सांगितले आणि गदारोळ उठला. या तिघांच्या हेतूविषयी मला शंका नाही. पण मी मास्तर आहे, मी रकान्यांचा विचार करतो. ‘हिंदू’ हा शब्द त्याच अर्जात दोन ओळी वर, ‘धर्म’ या रकान्यात आधीच बसलेला आहे. एकच शब्द दोन रकान्यांत बसवला की ज्याच्या धर्माच्या रकान्यात तो नाही, त्याला दुसऱ्या रकान्यातही पाहुण्यासारखे उभे राहावे लागते. कायद्यालाही हे ठाऊक आहे. १९५५ चा हिंदू विवाह कायदा कोणाला लागू होत नाही, तर मुसलमान, ख्रिस्ती, पारशी आणि यहुदी यांना, असे त्यात नावे घेऊन सांगितले आहे. आणि सावरकरांनी १९२३ च्या ‘हिंदुत्व’ ग्रंथात हिंदूची जी व्याख्या केली तिला पितृभूमीबरोबर पुण्यभूमीचीही अट घातली. म्हणजे त्या शब्दाचा सर्वांत मोठा पुरस्कर्ताच आपल्याला त्यात धरीत नव्हता. मग आपण आग्रहाने आत शिरण्याचे कारण काय?

दुसऱ्या बाजूचेही राजकारण सांगितले पाहिजे, नाही तर मी अर्धेच बोललो असे होईल. पाकिस्तान झाल्यावर आपल्या देशाने ‘इंडिया’ हे नाव ठेवले हे जीनांना रुचले नाही. १९४७ मध्ये एका कलाप्रदर्शनाच्या निमित्ताने त्यांनी माउंटबॅटन यांच्याकडे तशी तक्रारही केली. उरलेल्या देशाने ‘हिंदुस्तान’ म्हणवून घ्यावे ही त्यांची अपेक्षा. कारण उघड आहे. हा हिंदूंचा देश, तो मुसलमानांचा, अशी वाटणी नावातूनच दिसली असती. आपल्या वाडवडिलांनी येथे राहून जो निर्णय केला त्यावर त्या नावाने पाणी पडले असते.

घटना समितीने हा डाव कोणालाच साधू दिला नाही. पहिल्याच कलमात इंडिया आणि भारत ही दोन्ही नावे घातली. भारत हे नाव आधी यावे यासाठी कामत यांनी दुरुस्ती मांडली. ती ३८ विरुद्ध ५१ मतांनी पडली. चर्चा पुराणांत आणि प्राचीन इतिहासात शिरू लागली तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांनी, एवढे खोल जाण्याची गरज काय, अजून पुष्कळ काम बाकी आहे, अशा अर्थाचा शेरा मारला. २०२३ मध्ये जी-२० परिषदेच्या वेळी राष्ट्रपतींच्या भोजनाच्या निमंत्रणपत्रिकेवर ‘भारत’ छापले तेव्हा पुन्हा महिनाभर वाद झाला. मला विचाराल तर देशाच्या नावाच्या वादात आपण फार तापू नये. आपल्याच भागात पाहा: पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, तिकडे मुंढव्याला भारत फोर्ज, आणि पिंपरीतच वर्षानुवर्षे चाललेली इंडियन कार्ड क्लोदिंग. तिन्ही नावांच्या फाटकांतून एकाच गावचे कामगार आत गेले.

देशाचे नाव कोणतेही घ्या. नागरिक कोण हे घटनेने पाचव्या कलमात ठरविले, आणि ते ठरविताना येथे अधिवास आहे का, जन्म येथे झाला का, आईबापांपैकी कोणाचा येथे झाला का, असे विचारले. धर्म विचारला नाही. म्हणून ‘भारतीय’ हा शब्द आपल्यावर कोणी उपकार म्हणून दिलेला नाही.

आता थोडे घरातले बोलतो. कोणी रागावू नये. आपल्या घरांत ‘कौम’ म्हणजे मुसलमान समाज, एवढाच अर्थ उरला आहे. पहिल्या पालकाने राष्ट्रीयत्वात ‘मुसलमान’ लिहिले ते त्यामुळेच. पण देवबंदचे मौलाना हुसेन अहमद मदनी यांनी १९३८ मध्ये याच शब्दावरून इक्बालांशी वाद केला होता. कौम वतनावरून बनते असे त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांनी मदिनेच्या कराराचा दाखला दिला, ज्यात मुसलमान आणि यहुदी एका समूहात धरले होते. भारतीय म्हणविल्याने दीन कमी होतो असे ज्यांना वाटते त्यांनी निदान मदनी साहेबांचे म्हणणे वाचावे.

आणि ‘मराठी’ हा शब्द तर आपण स्वतःच्या हाताने देऊन टाकला आहे. शेजारच्या हिंदू कुटुंबाबद्दल आपण घरात काय म्हणतो? “वो मराठी लोगां है.” मग आपण कोण? लातूर, सोलापूर, साताऱ्याहून कारखान्यांच्या मागे येथे आलेली, सात पिढ्या या मातीत गेलेली माणसे! श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ज्यांच्या पहाडी आवाजाने मैदाने भरत ते शाहीर अमर शेख बार्शीचे. घरात दखनी बोला, उर्दू शिका, तो आपला ठेवा आहे. पण मराठी ही दुसऱ्या कोणाची वस्तू आहे असे मुलांच्या कानावर घालू नका.

कारण पुढचा प्रसंग मुलांवर येतो. आमचा एक माजी विद्यार्थी, आयटीआय झालेला, चाकणकडे एका कारखान्यात मुलाखतीला गेला. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मराठीत वर्गात पहिला. मुलाखत घेणाऱ्याने नाव वाचले, दोन मिनिटे बोलला आणि कौतुकाने म्हणाला, “मराठी छान बोलतोस की, कुठे शिकलास? मूळचा कुठला?” मुलगा म्हणाला, “उदगीरचा.” “ते झालं रे, पण मूळचा?” मुलगा गप्प बसला. नोकरी त्याला मिळाली, तक्रारीची बाब नाही. पण संध्याकाळी तो माझ्या घरी आला आणि विचारू लागला, “सर, मी काय म्हणायला पाहिजे होतं?”

मी त्याला म्हणालो, तू पुन्हा ‘उदगीरचा’ एवढेच म्हणायचे होते. तिसऱ्यांदा विचारले असते तर तिसऱ्यांदाही तेच. त्यात उद्धटपणा नाही आणि चूकही नाही. तो म्हणाला, “माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, सर.” ते मला अधिक लागले. मराठीत पहिला येणाऱ्या मुलाला आपल्याच गावाचे नाव दुसऱ्यांदा उच्चारायला का जड जावे? आम्ही शिक्षकांनी आणि तुम्ही पालकांनी त्याला या प्रश्नासाठी कधी तयारच केले नव्हते.

कागदांची गोष्टही याला लागूनच आहे. २०१९-२० च्या हिवाळ्यात नागरिकत्वाच्या बातम्या आल्या तेव्हा तीस-तीस वर्षांपूर्वी शाळा सोडलेली माणसे दाखल्यासाठी शाळेच्या दारात उभी राहिली. कोणाच्या नावात चूक, कोणाची जन्मतारीख दोन कागदांवर दोन, कोणाचे जन्मस्थळच कोरे. भीतीने आलेल्या त्या माणसांना मी पाणी दिले आणि जुनी रजिस्टरे उघडली. जे काम प्रवेशाच्या दिवशी पाच मिनिटांत झाले असते त्याला महिने लागले.

तेव्हा येत्या जूनसाठी एक ठरवू या. अर्ज घरी नेऊन पोराकडून किंवा शेजाऱ्याकडून भरून आणू नका. आई किंवा वडील, कोणी तरी एकाने शाळेत यावे आणि मुलालाही बरोबर आणावे. मी टेबलाशी सकाळी आठपासून बसेन. प्रत्येक रकाना आपण मोठ्याने वाचू. जन्मस्थळात गाव, तालुका, जिल्हा पूर्ण लिहू. मातृभाषेत जी खरोखर घरात बोलता तीच लिहू, मग ती दखनी असो, उर्दू असो की मराठी. आणि राष्ट्रीयत्वाचा रकाना मुलाने स्वतःच्या हाताने भरावा. अक्षर वेडेवाकडे आले तरी चालेल, मी त्यावर लाल शाई चालविणार नाही.