बालसंरक्षण सेवा आणि विधानसभेचा अंकुश

(गोव्यातील एका तालुक्यात ग्राम बाल समित्यांचे सदस्य, अंगणवाडी सेविका व प्राथमिक शिक्षक यांच्या मेळाव्यात एका प्रसिद्धी अधिकाऱ्याने दिलेल्या भाषणाची संहिता)



मी कायद्याचा पदवीधर नाही, समाजकार्याचाही नाही. कला शाखेची पदवी घेऊन शासकीय सेवेत आलो आणि शासनाचे म्हणणे लोकांपर्यंत पोहोचविण्याचे काम आजवर करीत आलो. हे काम करीत असताना माझ्या हातून एक चूक घडली होती. आजच्या विषयाचे महत्त्व मला त्या चुकीमुळे कळले, म्हणून आरंभ तिच्यापासूनच करतो.

सुमारे पंधरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका बालगृहात दिवाळीनिमित्त मुलांना कपडे व खाऊ वाटण्याचा समारंभ होता. त्याचे वृत्त देण्यासाठी मी गेलो होतो. मुले आनंदात होती, प्रकाश चांगला होता, छायाचित्रही उत्तम आले. छायाचित्राखाली मी मुलांची नावे घातली. नावे घातली म्हणजे मुलांना आनंद होईल, अशी माझी भाबडी समजूत. आठ-दहा दिवसांनी त्या गृहाच्या अधीक्षकांचा दूरध्वनी आला. छायाचित्रातील एका मुलाला त्याच्या सावत्र वडिलांच्या मारहाणीतून सोडवून तेथे आणले होते. वृत्तपत्रात चेहरा आणि नाव पाहून ते गृहस्थ थेट फाटकाशी येऊन उभे राहिले. मुलाला शाळेचे वर्ष मध्येच सोडून दुसऱ्या ठिकाणी हलवावे लागले. जाताना त्याने अधीक्षकांना एवढेच विचारले, "माझा मित्र माझ्याबरोबर येणार का?" मित्र अर्थातच गेला नाही.

अशा मुलांची ओळख प्रसिद्ध करण्यास त्या वेळीही कायद्याने मनाई होती. तो कायदा मी वाचलेला नव्हता. परंतु मला आजही बोचते ते निराळेच आहे. त्या घटनेनंतर मला कोणीही काही विचारले नाही. ना वरिष्ठांनी विचारले, ना वृत्तपत्राने, ना कोणा लोकप्रतिनिधीने. एका मुलाचे वर्ष वाया गेले आणि कोणत्याही धारिकेत त्याची ओळही उमटली नाही. प्रौढ माणसावर असा प्रसंग आला असता तर त्याने अर्ज केला असता, आमदारांचे दार ठोठावले असते, निवडणुकीत राग काढला असता. अठरा वर्षांखालील मुलाला मत नसते, आणि ज्याला घरही उरलेले नाही त्याच्या वतीने बोलणारे पालकही नसतात. मग त्याच्या वतीने प्रश्न विचारायचा कोणी, हाच आजच्या भाषणाचा विषय.

आपल्या राज्यघटनेने या प्रश्नाचे उत्तर दिलेले आहे. अनुच्छेद ३९(च) प्रमाणे बालकांना मोकळ्या व प्रतिष्ठापूर्ण वातावरणात वाढण्याची संधी मिळेल आणि शोषणापासून त्यांचे संरक्षण होईल, असे धोरण राज्याने आखावयाचे आहे. अनुच्छेद १६४ प्रमाणे मंत्रिमंडळ सामुदायिकरीत्या विधानसभेस जबाबदार असते. या दोन तरतुदी शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे अर्थ स्पष्ट होतो. बालगृहातील मुलाची जबाबदारी शासनावर, आणि शासनाला जाब विचारण्याची जबाबदारी सभागृहावर. आपल्या विधानसभेत ४० सदस्य आहेत. ज्या मुलांनी त्यांना मत दिलेले नाही, त्यांचेही ते प्रतिनिधी आहेत.

गोव्याच्या सभागृहाने या बाबतीत एकदा देशाला वाट दाखविली, हे येथे अभिमानाने सांगितले पाहिजे. १९९१ साली मडगावात फ्रेडी पीट्स याला अटक झाली. निराधार मुलांचा आश्रयदाता म्हणून वावरणाऱ्या या इसमाच्या आश्रयाखाली मुलांचे लैंगिक शोषण चालले होते, आणि त्यात परदेशी व्यक्तींचाही हात होता. १९९६ साली न्यायालयाने त्याला जन्मठेपेची शिक्षा ठोठावली. या प्रकरणाने गोमंतकीय समाज हादरला. पर्यटनाच्या झगमगाटामागे काय दडू शकते, याची जाणीव झाली. पुढे २००३ साली विधानसभेने गोवा बाल अधिनियम संमत केला. त्यात स्वतंत्र बाल न्यायालयाची तरतूद आहे. आपल्या कुटुंबीयांबरोबर नोंद असल्याशिवाय मुलाला हॉटेलच्या खोलीत प्रवेश देऊ नये, असे बंधन आहे. मुलांचे अश्लील चित्रण आढळल्यास छायाचित्रे धुऊन देणाऱ्या व्यावसायिकाने पोलिसांना कळविलेच पाहिजे, असेही त्यात सांगितले आहे. आपण ज्या ग्राम बाल समित्यांचे सदस्य आहात, त्यांचे मूळही याच कायद्यात आहे. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा केंद्रीय कायदा २०१२ साली आला, म्हणजे आपल्यानंतर तब्बल नऊ वर्षांनी.

तथापि, कायदा संमत केला म्हणजे सभागृहाचे कर्तव्य संपले, असे मानणे म्हणजे घर बांधून छप्पर शाकारण्यास विसरण्यासारखे आहे. आपल्याकडचा पाऊस आपण जाणतोच. कायद्याचे छप्पर दरवर्षी तपासावे लागते, आणि त्यासाठी सभागृहाच्या हाती निश्चित साधने आहेत.

पहिले साधन प्रश्नोत्तराच्या तासाचे. तारांकित प्रश्नाला मंत्रिमहोदय सभागृहात तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी मिळते. तातडीच्या बाबीसाठी लक्षवेधी सूचना असते. दुसरे साधन अर्थसंकल्पाचे. महिला व बालविकासाच्या अनुदानाच्या मागण्यांवर चर्चा होते, तेव्हा तरतूद किती केली एवढ्यावर न थांबता खर्च किती झाला आणि रिक्त पदे किती राहिली, हे विचारता येते. तिसरे साधन समित्यांचे. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल सभागृहापुढे ठेवले जातात आणि लोकलेखा समिती ते तपासते. मंत्र्यांनी "पाहणी करू", "लवकरच भरती करू" असे सांगितले, तर त्या शब्दाचा पाठपुरावा आश्वासन समिती करते. या समित्यांचे काम वृत्तपत्रांच्या मथळ्यांत फारसे येत नाही, परंतु धारिका हलतात त्या बहुधा त्यांच्याच पत्रांनी.

याखेरीज केंद्रीय कायद्यांनीही सभागृहाला अधिकार दिलेले आहेत. बालहक्क संरक्षण आयोग अधिनियम, २००५ प्रमाणे राज्य आयोगाचा अहवाल शासनाने विधानमंडळापुढे ठेवावयाचा असतो. तो एकटा ठेवून भागत नाही. आयोगाच्या शिफारशींवर काय कार्यवाही केली आणि एखादी शिफारस फेटाळली असल्यास का फेटाळली, याचे निवेदन सोबत द्यावे लागते. बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली राज्य शासन जे नियम करील, तेही विधानमंडळापुढे ठेवण्याचे बंधन आहे.

आता प्रश्न असा, की सभागृहात विचारायचे काय? "राज्यात बालगृहे किती व त्यांत मुले किती?" असा प्रश्न विचारला, तर दोन आकडे मिळतात आणि विषय संपतो. अशी उत्तरे सभागृहाच्या पटलावर ठेवलेली मी पुष्कळ वाचली आहेत. ती खरी असतात, परंतु त्यांवरून एकाही मुलाची स्थिती कळत नाही. खरा प्रश्न कायद्यातील मुदतींमध्ये दडलेला असतो. संरक्षणाची गरज असलेले मूल सापडल्यापासून प्रवासाचा वेळ वगळता २४ तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर करावे, असे कायदा सांगतो. सामाजिक चौकशी १५ दिवसांत पुरी व्हावी आणि मूल प्रथम हजर केल्यापासून चार महिन्यांत समितीने अंतिम आदेश द्यावा, असेही सांगतो. निरीक्षण समितीने प्रत्येक संस्थेला तीन महिन्यांतून निदान एकदा भेट द्यावी. त्या पथकात किमान तीन सदस्य असावेत, त्यांत एक महिला आणि एक वैद्यकीय अधिकारी असावा, अशी तरतूद आहे.

यावरून प्रश्न आपोआप तयार होतात. गेल्या वर्षी किती मुले मुदतीत हजर केली गेली? चार महिने उलटूनही किती मुलांबाबत अंतिम आदेश झालेला नाही? निरीक्षणाच्या किती भेटी झाल्या, त्यांत कोणते दोष आढळले आणि त्यांपैकी किती दूर झाले? या शेवटच्या प्रश्नावर माझा विशेष भर आहे. दोष आढळला, नोंदला आणि तेथेच राहिला, तर ती तपासणी केवळ कागदावरची ठरते.

याचे दुःखद उदाहरण बिहारमधील मुझफ्फरपूरचे आहे. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेच्या एका गटाने त्या राज्यातील निवासी संस्थांचे सामाजिक लेखापरीक्षण केले आणि २०१८ साली शासनाला अहवाल दिला. शासकीय अनुदानावर चालणाऱ्या तेथील मुलींच्या गृहात काय घडत होते, ते त्यानंतर उघडकीस आले. पुढे राज्याच्या समाजकल्याण मंत्र्यांना पद सोडावे लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खटला दिल्लीला चालला आणि २०२० साली मुख्य आरोपीला जन्मठेप झाली. त्या गृहाला अनुदान मिळत होते, म्हणजे दरवर्षी कोणीतरी त्याच्या कागदपत्रांवर स्वाक्षरी करीतच होते. बाहेरून आलेल्या अभ्यासकांनी मुलींशी बोलून त्यांचे म्हणणे ऐकले, एवढाच फरक होता. म्हणून तपासणीबद्दल विचारताना "तपासणी करणारे मुलांशी एकांतात बोलले काय?" हा पूरक प्रश्न अवश्य यावा.

सभागृहाच्या या अधिकाराला एक मर्यादाही आहे. अमुक मुलाला घरी पाठवावे की संस्थेत ठेवावे, हे ठरविण्याचे काम बाल कल्याण समितीचे आहे आणि तिच्या आदेशाविरुद्ध दाद मागण्याचा मार्ग कायद्यात आहे. एकेका मुलाचा निवाडा करण्याचे ठिकाण विधानसभा हे नव्हे. व्यवस्था वेळेवर आणि नीट चालते की नाही, हे पाहणे तिचे काम. मुलाची ओळख प्रकट करणे हा तर गुन्हाच आहे. २०१५च्या कायद्यात त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. आपले राज्य लहान. येथे नाव न सांगता केवळ गाव, इयत्ता आणि वडिलांचा व्यवसाय एवढे सांगितले तरी साऱ्या पंचक्रोशीला मूल कळते. मी तर नावासकट छायाचित्र छापले होते, तेव्हा या बाबतीत उपदेश करण्याचा मला अधिकार किती, हे आपण ठरवावे. पण माझ्या चुकीवरून आपण सावध व्हावे, एवढी विनंती मी निश्चित करू शकतो.

आता आपल्याकडे वळतो. सभागृहातील चांगल्या प्रश्नाची बातमी राजधानीत होत असली, तरी त्याची सुरुवात गावात होते. बांधकामावर आलेल्या मजुरांची मुले शाळेत आहेत की रेतीच्या ढिगाऱ्यावर, हे अंगणवाडी सेविकेला प्रथम कळते. दोन आठवडे गैरहजर असलेली मुलगी कोठे गेली, हे वर्गशिक्षकाच्या ध्यानात येते. १०९८ या क्रमांकावर कोणी दूरध्वनी केला, त्यानंतर कोणी आले की नाही आणि किती वेळाने आले, हे शेजारी जाणतात. ही माहिती आपल्या समितीच्या इतिवृत्तात तारखेसह नोंदलेली असली, तर आपल्या भागातील आमदारांकडे ती नेता येते. मात्र त्यात मुलाचे नाव असू नये. "आमच्या पंचायत क्षेत्रात या वर्षी एवढ्या प्रकरणांची माहिती दिली, एवढ्यांत मुदतीत कार्यवाही झाली, एवढ्यांत झाली नाही," इतके लिहिले म्हणजे पुरे. अशा एका कागदावरून आमदारांना तारांकित प्रश्न तयार करता येतो, आणि त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी खात्याला आपल्या नोंदी उघडून पाहाव्याच लागतात. समितीची बैठकच होत नसेल, इतिवृत्तच लिहिले जात नसेल, तर आमदारांनी विचारायचे कशाच्या आधारावर?

शासकीय सेवकांना असे प्रश्न आवडत नाहीत, असा एक समज आहे. अधिवेशनाच्या दिवसांत आमच्या कार्यालयांतील दिवे रात्री उशिरापर्यंत जळत असतात, हे खरे आहे. माहिती गोळा करताना कुरकुरही होते. परंतु मी आपणास प्रांजळपणे सांगतो, प्रामाणिक अधिकाऱ्याला या प्रश्नाचा आधारच वाटतो. जे पद भरावे म्हणून तो तीन वर्षे टिपणे लिहीत असतो, ते सभागृहात प्रश्न आल्यावर भरले जाण्याची आशा निर्माण होते.

ज्या मुलाची गोष्ट मी आरंभी सांगितली, तो आता पंचवीस-सव्वीस वर्षांचा झाला असेल, मतदारही झाला असेल. तो कोठे आहे, हे मी शोधले नाही. शोधण्याचा मला अधिकार नाही. त्याचे वर्ष मला परत देता येणार नाही. पण आपल्या पुढच्या बैठकीत आपण आपल्या समितीची नोंदवही उघडावी, या वर्षीची पहिली नोंद तारखेसह लिहावी आणि येत्या अधिवेशनापूर्वी ती आपल्या आमदारांपर्यंत पोहोचवावी, अशी मी आपणा सर्वांना नम्र विनंती करतो.