खेळाडू आणि त्याचा मालक



या व्यासपीठावरून मोठमोठे विद्वान बोलून गेले आहेत. मी नववीत शाळा सुटलेला, कामगारांच्या संघटनेत उभे आयुष्य घालवलेला माणूस. जे थोडेफार वाचले ते सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. चालकांनी मला खेळांवर बोला म्हटले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा कबड्डी असावी. मी मात्र अमेरिकेतील बेसबॉलविषयी बोलणार आहे. पहाटे उठून मी मोबाईलवर त्यांचे सामने पाहतो आणि घरातली मंडळी मला हसतात. हसोत बापडी!

खेळ आपल्याला अगदीच परका नाही. चेंडू टप्पा न पाडता फेकायचा, फलंदाजाने तो टोलवायचा, आणि मग धावत तीन तळ शिवून जेथून निघालो तेथे परत यायचे. त्या जागेला ते 'होम' म्हणतात. घरी पोचला की एक धाव.

१८६९ साली सिनसिनाटीच्या संघाने सर्व खेळाडूंना उघडपणे पगार देण्यास आरंभ केला. १८७६ मध्ये नॅशनल लीग स्थापन झाली, आणि खेळाचा धंदा झाला. आता धंद्यात मजुरी वाढू नये असे मालकाला वाटणारच. चांगला खेळाडू जास्त पगारासाठी दुसऱ्या संघाकडे जाई. म्हणून १८७९ मध्ये मालकांनी आपसांत ठरवले की, प्रत्येक संघाने आपले ५ खेळाडू राखून ठेवावेत आणि इतरांनी त्यांना हात लावू नये. पुढे ५ चे सगळेच झाले. हेच ते 'राखीव कलम'. करार एका वर्षाचा. पण मालकाला तो आणखी एक वर्ष वाढवण्याचा हक्क, आणि वाढवलेल्या करारातही तेच कलम! म्हणजे मालक खेळाडूला विकू शकतो, पण खेळाडू मालकाला सोडू शकत नाही. १९२२ साली तर सर्वोच्च न्यायालयानेच निर्णय दिला की, हा खेळ म्हणजे आंतरराज्य व्यापार नव्हे, सबब मक्तेदारीविरोधी कायदा त्याला लागू नाही.

सेंट लुईसच्या संघात कर्ट फ्लड नावाचा कृष्णवर्णीय खेळाडू होता. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार त्याने सलग ७ वर्षे मिळवला होता. १२ हंगाम त्या संघाकडून खेळल्यावर, ऑक्टोबर १९६९ मध्ये, त्याला दूरध्वनीवरून कळवण्यात आले की तुला फिलाडेल्फियाला दिले आहे. २४ डिसेंबरला त्याने खेळाच्या आयुक्तांना पत्र लिहिले. मी खरेदीविक्रीची वस्तू नाही, इतर संघांशी बोलण्याचा मला हक्क आहे, असा त्याचा आशय होता. त्याचा पगार तेव्हा ९० हजार डॉलर होता. लोक म्हणाले, एवढे मिळते, मग तक्रार कसली? मंडळी, हे वाक्य मी प्रत्येक कारखान्याच्या फाटकावर ऐकले आहे. आकडा तेवढा बदलतो.

खेळाडूंच्या संघटनेचा प्रमुख होता मार्विन मिलर. तो पोलाद कामगारांच्या संघटनेतून १९६६ साली येथे आला होता. त्याने फ्लडला स्पष्ट सांगितले की, जिंकण्याची आशा फार थोडी, आणि तुझा खेळ मात्र संपेल. फ्लडने विचारले, पुढच्या खेळाडूंना याचा उपयोग होईल ना? होईल म्हटल्यावर तो उभा राहिला. संघटनेने खटल्याचा खर्च उचलला.

१९७० मध्ये खटला चालला. १९४७ साली वर्णभेदाची भिंत ओलांडून मैदानात उतरलेला जॅकी रॉबिन्सन आजारी शरीराने साक्षीला आला. तो निवृत्त होता. परंतु त्या वेळी खेळत असलेला एकही खेळाडू साक्षीला आला नाही.

हे प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटले. तरुणपणी मी एका कारखान्यात होतो. संघटना बांधतो म्हणून एका सहकाऱ्याला काढण्यात आले. चौकशीत माझी साक्ष त्याला हवी होती. माझ्या पत्नीचे दिवस भरत आले होते. मी त्या दिवशी रजा टाकली. तो पुढे कधी त्याविषयी बोलला नाही. त्याच्या न बोलण्यामुळेच मी नंतर संघटनेत आलो. म्हणून त्या खेळाडूंना मी भेकड म्हणू शकत नाही. भीती कशी असते हे मला ठाऊक आहे. पण भ्यालेल्या माणसावर ऋण राहते, हेही ठाऊक आहे.

१९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ३ मतांनी फ्लडविरुद्ध निकाल दिला. तोवर त्याचा खेळ संपलाच होता; १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून तो जेमतेम १३ सामने खेळला.

मग सारे व्यर्थ गेले काय? नाही. खटला चालू असतानाच, १९७० च्या करारात मिलरने एक कलम मिळवले होते: तक्रारींचा निवाडा त्रयस्थ लवादाने करावा. त्या कलमाला वर्तमानपत्रांत ठळक मथळा मिळण्यासारखे काही नव्हते. १९७५ मध्ये अँडी मेसरस्मिथ करारावर सही न करता पूर्ण हंगाम खेळला. डेव्ह मॅकनॅली तर हंगामाच्या मध्येच खेळ सोडून घरी गेला होता. स्वतःला काही मिळायचे नव्हते, तरी त्याने तक्रारीत आपले नाव राहू दिले. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी निर्णय दिला: एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांनी त्यांना तत्काळ काढून टाकले, पण निर्णय टिकला. शहाण्णव वर्षांची साखळी तुटली. फ्लड १९९७ मध्ये, ५९ व्या वर्षी वारला. १९९८ मध्ये अमेरिकन काँग्रेसने त्याच्याच नावाचा कायदा करून बेसबॉल खेळाडूंना मक्तेदारीविरोधी कायद्याचे संरक्षण दिले.

२००८ पासून आपल्याकडे आयपीएलसाठी खेळाडूंचा लिलाव होतो. अमक्याला इतक्या कोटींना घेतला, असे आपण चहा पिता पिता म्हणतो, मीही म्हणतो. पैसा मिळतो हे खरे, आणि तो मिळावाच. पण कोणाकडून खेळायचे हे हातोडा पडताना खेळाडू ठरवीत नाही. त्याला किती मिळाले हे आपण विचारतोच. त्याला विचारले होते काय, एवढे आपण अधिक विचारावे, आणि केवळ खेळाडूपुरते नव्हे. कोणी साक्षीला बोलावले, तर त्या दिवशी रजा टाकू नये.