काय हारपनं व तुमनं?

(जळगाव येथे महिला गटांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा लिखित भाग)



मला सांगण्यात आलं की अनुभव सांग, उपदेश नको. विषयही दिला गेला: तुम्ही रविवारी चालायला जाता, त्याबद्दल बोल. सकाळपासून इथे सातबाऱ्यावर बाईचं नाव, रेशन, घरातली मारहाण यांवर चर्चा झाल्या. त्यानंतर आम्ही दहा-बारा बाया कुत्री घेऊन रानात हिंडतो, हे सांगायला उभं राहताना जरा संकोच वाटतोय. पण मागच्या वर्षी एका बाईने आम्हाला जो प्रश्न विचारला तो अजून डोक्यातून गेलेला नाही. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

धुळ्याच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा रस्त्याला लागून लळिंगचा किल्ला आहे. त्या रविवारी आम्ही जळगावच्या सात आणि धुळ्याच्या चार अशा अकरा जणी होतो, सोबत दोन कुत्री. किल्ल्यावरून उतरत होतो. वाटेत एक म्हातारी डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन येताना दिसली. आम्हाला पाहून थांबली आणि अहिराणीत म्हणाली, "काय हारपनं व तुमनं?" काय हरवलं तुमचं, काय शोधताय?

आम्ही म्हटलं, काही हरवलं नाही आजी, फिरायला आलोय. तिला ते पटेना. सकाळी सकाळी, नवऱ्याशिवाय, देवाशिवाय, भाऱ्याशिवाय एवढ्या बाया डोंगरात कशाला येतील? मग तीच सांगायला लागली. लग्न होऊन आल्यापासून ती या डोंगरात येते, पण वर किल्ल्यावर कधी गेली नाही. आमच्यातल्या एकीने विचारलं, का? म्हणाली, वर काय काम?

आम्ही तिला म्हटलं, चला, आज जाऊ वर. ती हसली आणि चालायला लागली. तिला भारा घरी न्यायचा होता, चूल पेटायची होती. आम्ही पाळीपाळीने तो भारा गावापर्यंत नेला. माझी मान दोन दिवस दुखत होती. तिची किती वर्षं दुखत असेल, ते विचारायचं राहूनच गेलं.

आपल्या खान्देशातल्या बाया चालत नाहीत असं कुणी म्हणू नये. चैत्रात वणीच्या सप्तशृंगीला धुळ्या-जळगावहून जे जथे पायी निघतात त्यांत निम्म्या बाया असतात, रखरखत्या उन्हात. मुक्ताईची पालखी मुक्ताईनगरहून पंढरपूरला जाते, महिन्याहून जास्त चालते, तीतही बाया आहेत. दर वर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर माणसं लोटतात. १९३७ साली त्या दिवशी बाबासाहेबांचा तिथे मुक्काम होता. लेकरं कडेवर घेऊन बाया तो चढ चढतात. आणि शहाद्याच्या आदिवासी बाया! तेव्हा नंदुरबार जिल्हा वेगळा नव्हता, तो १९९८ साली झाला, शहादा धुळे जिल्ह्यातच होतं. १९७० नंतरच्या वर्षांत त्या बाया गावोगाव पायी जाऊन दारूची मडकी फोडत होत्या. आपल्या चळवळीत ही गोष्ट आपण पुन्हा पुन्हा सांगतो, सांगायलाच हवी.

पण बघा, प्रत्येक चालण्याला कारण आहे. देव, बाबासाहेब, मोर्चा, पाणी, सरपण, कापूस वेचणी. कारण असलं की बाई रात्रीसुद्धा रस्त्यावर चालते आणि कुणी काही म्हणत नाही. कारण नसलं की दिवसासुद्धा म्हणतात.

मी १९९४ साली इथेच कॉलेजात होते. त्या वर्षी जळगावचं लैंगिक शोषणाचं प्रकरण उघडकीला आलं. तुमच्यापैकी ज्या वयाने माझ्याएवढ्या आहेत त्यांना ते दिवस आठवत असतील. बायकांचे मोर्चे निघाले, वर्तमानपत्रांत रोज तेच. आमच्या घरात त्याचा निकाल एका दिवसात लागला: मुलींनी कॉलेजातून सरळ घरी यायचं. मेहरूणच्या तलावावर आम्ही मैत्रिणी संध्याकाळी जायचो, ते बंद. गुन्हा केला पुरुषांनी आणि घरात बसलो आम्ही. माझ्या वर्गातल्या दोघींची त्याच उन्हाळ्यात लग्नं उरकली. मी त्या तलावावर पुन्हा गेले ती कितीतरी वर्षांनी, नवऱ्याच्या स्कूटरवर मागे बसून.

पुढे वाचलं की असं फक्त आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडमध्ये लीड्सच्या भागात बायकांचे खून होत होते, तेव्हा पोलिसांनी बायकांनाच सांगितलं की अंधार पडल्यावर बाहेर पडू नका. नोव्हेंबर १९७७ मध्ये तिथल्या बाया रात्री मशाली घेऊन रस्त्यावर उतरल्या. मुंबईच्या तिघींनी २०११ साली 'व्हाय लॉइटर' नावाचं पुस्तक लिहिलं. बाईला शहरात उगाच रेंगाळायचाही हक्क आहे, असं त्या म्हणतात. पुस्तक मुंबईबद्दल आहे. लळिंगच्या आजीने तेच आम्हाला चार शब्दांत सांगितलं होतं, फक्त उलट्या बाजूने.

आता कुत्र्यांचं सांगते, कारण त्याबद्दल तुम्ही मघापासून हसताय.

आमच्यातल्या एकीच्या दारात एक गावठी कुत्री व्यायली. पिल्लांतलं एक राहिलं, तांबूस रंगाचं. ते मोठं झालं तसं त्याला बाहेर न्यावं लागायचं, नाहीतर अंगणात घाण करायचं. सासूबाई स्वतः म्हणायच्या, अगं, त्याला फिरवून आण. ही बाई वीस वर्षं त्या घरात होती. 'मी जरा फिरून येते' असं तिने म्हटलं असतं तर चार प्रश्न आले असते. कुत्र्याला फिरणं लागतं हे मात्र सगळ्यांना मान्य होतं! तिने ओळखलं आणि फायदा घेतला. आधी गल्लीच्या टोकापर्यंत, मग तलावापर्यंत. मग आम्ही तिघी तिच्यासोबत. घरी सांगायचो, ती एकटी जाते कुत्र्याला घेऊन, बरं दिसत नाही. असा आमचा गट सुरू झाला. बॅनर नाही, पावतीपुस्तक नाही.

लोक म्हणतात, बरं झालं, कुत्रं म्हणजे संरक्षण. आमचा मोती फटाका वाजला की आमच्याच पायांत शिरतो. एकदा दोन पोरं मोटारसायकलवर मागे-पुढे करत होती, गाणी म्हणत होती. मोती शेपूट हलवत त्यांच्याकडे गेला. शेवटी आम्ही आठही जणी वळून त्यांच्यासमोर उभ्या राहिलो आणि गाव कुठलं, वडील काय करतात ते विचारायला लागलो, तेव्हा ती गेली.

गिरणेच्या पात्रात मात्र उलटं झालं. बांभोरीच्या पुलापासून वर आम्ही वाळूतून चाललो होतो. वाळू म्हणायची, पण उरलीय किती? पहाटे ट्रॅक्टर लागलेले असतात. उपसून उपसून खड्डे झालेत, त्यांत पाणी साचतं आणि वरून कळत नाही. मोती एका खड्ड्यात गेला. कडा उभी आणि भुसभुशीत, वर यायला बघायचा आणि वाळूसकट खाली जायचा. चार ओढण्या नि एक साडीचा पदर अशी गाठी मारून दोरी केली. आमच्यातली एक सफाई कामगार आहे, तिचे हात सगळ्यात भक्कम. ती पालथी झोपली, आम्ही तिचे पाय धरले. मोती बाहेर आला आणि आम्ही सगळ्या मटकन खाली बसलो. तेवढ्यात एक जण बोलली की पोर असतं तर? नदीकाठच्या गावांतली पोरं त्याच पात्रात खेळतात. त्या दिवसापासून चालताना खड्डे दिसले की कुठल्या गावाजवळ, किती, ते वहीत लिहितो आणि तिथल्या बचतगटाला सांगतो. पुढे काय करायचं यावर आमच्यात मतभेद आहेत. काही जणी म्हणतात अर्ज द्या. काही म्हणतात, वाळूवाल्यांच्या वाटेला जाऊन रविवार गमावू नका. दोघींचं बरोबर आहे असं मला वाटतं, म्हणून प्रश्न सुटत नाही.

आमच्याही चुका झाल्या. साक्री तालुक्यात एकदा ठेलारी धनगरांचा वाडा उतरला होता. ही माणसं वर्षातले बहुतेक महिने मेंढ्यांमागे असतात. वाडा उचलला की सगळा संसार घोड्यावर, आणि घोडा बाईच्या हातात. आमचं दुसरं कुत्रं सुटलं आणि मेंढ्यांत घुसलं. एक गाभण मेंढी बिथरून काटेरी कुंपणात अडकली. त्या बाईने आम्हाला जे सुनावलं ते सगळं इथे सांगत नाही. तिचं कुत्रं बघा, तिथेच होतं, जागचं न हलता आमच्या कुत्र्यावर नजर ठेवून. ते कामावर होतं, आमचं सहलीला आलं होतं. आम्ही माफी मागितली, मेंढी सोडवली. आपण ज्याला निसर्ग म्हणून बघायला जातो ते दुसऱ्या बाईचं कामाचं ठिकाण असतं, हे त्या दिवशी चांगलंच कळलं. तेव्हापासून गाव, शेत, कळप जवळ आला की दोरी हातात.

पाटणादेवी, यावलचं जंगल, हे अभयारण्याचे भाग. तिथे कुत्री नेत नाही. नेऊ देत नाहीत आणि न्यायचीही नसतात. बिबट्याला कुत्रं आयतंच मिळतं. २०१७ साली चाळीसगावच्या गिरणा पट्ट्यात बिबट्याने माणसं मारली, त्यांत बाया होत्या, मुलं होती. डिसेंबरात त्याला गोळी घातली. तोपर्यंत वर्तमानपत्रं लिहीत होती की शेतात जाऊ नका. कापूस कोण वेचणार होतं?

गटातल्या एका गोष्टीबद्दल बोलायला आधी मैत्रिणीची परवानगी घेतली आहे. आमच्यात तांबापुऱ्यातून येणारी एक मैत्रीण आहे. कुत्र्याची लाळ कपड्याला लागली की तिला नमाजाआधी कपडे बदलावे लागतात. पहिल्या दिवशी ती काही बोलली नाही, नुसती लांब चालत राहिली. आम्हाला वाटलं घाबरते. कुणीतरी चेष्टाही केली. तिसऱ्या वेळी तिने स्पष्ट सांगितलं. आता कुत्री पुढे आणि ती मागच्या टोळक्यात. आणि गंमत अशी की मोती भाकरीसाठी बरोबर तिच्याकडेच बघतो, कारण तुकडा तीच लांबून टाकते.

मी कुटुंब सल्ला केंद्रात काम केलेलं आहे. तिथे टेबलाच्या पलीकडे बाई बसते, आपण फॉर्म भरतो, ती रडते किंवा गप्प राहते. चालताना तसं होत नाही. दोघी पुढे बघत असतात, तोंडाकडे बघावं लागत नाही. दोन वर्षं आमच्यासोबत येणारी, सगळ्यांत जास्त हसणारी बाई एकदा कानळद्याच्या वाटेवर मला म्हणाली, "ताई, माझा डावा हात वर होत नाही, कुत्र्याची दोरी तू धर." हात का वर होत नाही ते पुढच्या अर्ध्या तासात कळलं. केंद्रात ती कधी आली नसती, तिचा नवरा केंद्रातल्या सगळ्यांच्या ओळखीचा. तिचं पुढे काय झालं ते सांगण्याचा अधिकार माझा नाही. एवढंच सांगते की ती अजून येते.

एकदाच आम्ही समुद्रावर गेलो. आपल्या तापीच्या काठी जन्म गेला, ती जाते कुठे ते बघू म्हणून. रात्रीच्या गाडीने सुरत. तिथे उधना, लिंबायत भागात आपल्याकडची किती घरं आहेत तुम्हाला माहीत आहे. साड्यांना टिकल्या लावणाऱ्या, धागे कापणाऱ्या आपल्याच बाया. त्यांतल्या पाच जणींना घेऊन डुमसच्या किनाऱ्यावर गेलो. काळी वाळू, ओहोटीला पाणी कुठच्या कुठे गेलेलं. एक जण चौदा वर्षं सुरतेत होती आणि समुद्र पहिल्यांदा बघत होती. रविवारी घरात पीस जास्त येतात, म्हणाली. आमची कुत्री जळगावात होती, पण किनाऱ्यावरची तीन कुत्री आपणहून सोबत आली, शेवटपर्यंत. वणीच्या वाटेवरही असं एखादं येतंच. ती चौदा वर्षांवाली चप्पल हातात घेऊन पुढे चालत राहिली, आम्ही हाका मारल्या तरी थांबेना. परतीची गाडी आमची चुकता चुकता राहिली.

तर ज्यांना यायचं असेल त्यांच्यासाठी. दसऱ्यापासून होळीपर्यंत दर रविवारी, उजाडताना निघतो. उन्हाळ्यात फक्त तलावापर्यंत, आणि आठच्या आत घरी. डांबर तापलं की कुत्र्यांचे पंजे भाजतात, आपल्याला चपलांमुळे कळत नाही. मागे पट्टा असलेली चप्पल किंवा बूट घाला. पाणी दोन बाटल्या, एक आपली, एक कुत्र्याची. कुत्र्यांना रेबीजची लस दिलेली असली तरच आणा. कुठल्याही कुत्र्याने ओरबाडलं, चावलं तर हळद, तिखट, चुना काही लावू नका. साबण आणि वाहतं पाणी, पंधरा मिनिटं, आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस. पुढचे डोस चुकवायचे नाहीत. आमच्यातल्या दोघींनी घेतलीय, फुकट मिळते.

भाडं लागलं तर वाटून घेतो, नसेल तिच्याकडून घेत नाही. परवा लळिंगलाच पुन्हा जायचं ठरतंय. त्या आजीच्या गावात आधी शनिवारी निरोप देऊन ठेवणार आहोत, म्हणजे सरपण शनिवारीच आणून होईल. येतील की नाही माहीत नाही. त्यांची सून म्हणाली की ती पण येईल, पण घरी अजून विचारलेलं नाही.